आधी खटका तपासा, मग सॅक भरा

पावसाळा तोंडावर आलाय. अंधेरी-बोरिवलीत, मुलुंड-घाटकोपरला माळ्यावरच्या सॅक खाली उतरू लागल्यात. तुमचीही उतरली असेल. तिच्या पुढच्या कप्प्यात हात घाला. गेल्या वर्षीचा मिटणारा, खटक्याचा चाकू तिथेच असेल. तो आत्ताच बाहेर काढा.

चाकू उघडला की ‘खट्’ वाजतं आणि आपण निर्धास्त होतो. वाजतं काय, तर बऱ्याच चाकूंत मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी, म्हणजेच खटका, पात्याच्या बुडाला टेकते. पट्टी जेमतेम दीड मिलिमीटर जाड, टेकायची जागा नखाहून लहान. आता हिशोब करा. पातं 75 मिलिमीटरचं आणि पट्टी, पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यापासून 5 मिलिमीटरवर टेकलेली, असं धरा. टोकाला पाठीकडून 2 किलोचा दाब आला, की पट्टीवर 30 किलोचा येतो. लाकडात रुतलेलं पातं उपसताना 2 किलोचा जोर सहज लागतो. खटका सुटला तर पातं मिटतं. आणि त्याच्या वाटेत तुमची चार बोटं असतात.

म्हणून तपासा. उजेडात धरून बघा, पट्टी बुडाला नीट टेकते का? पार पलीकडच्या कडेला सरकली असेल तर ती झिजली आहे. मग बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ टेबलावर हलके दाबा. आपटू नका, आपटून धड खटकाही बिघडतो. पातं जरा जरी मिटायला लागलं, तर त्या चाकूचं काम संपलं.

आपली खारी हवा लोखंडाला सोडत नाही. त्यात कैरीचा चीक, सॅकमधले दोरे, गडावरची माती. हे सगळं मुठीच्या खाचेत बसतं आणि पट्टी अर्धवट टेकते. ‘खट्’ मात्र तसंच वाजतं! खिशात मावणाऱ्या बऱ्याच लाल स्विस चाकूंना तर खटकाच नसतो, पातं नुसतं स्प्रिंगवर उभं असतं.

तेव्हा चाकू धुवा, कोरडा करा, तेलाचा थेंब सोडा. मुलांना शिकवा: मिटणाऱ्या चाकूने भोसकायचं नाही, उचकटायचं नाही, त्यावर दगड मारायचा नाही. जोराचं काम असेल तर न मिटणारा चाकू म्यानात घालून न्या.

पातं बोटांवर मिटून बोट वाकवणारी कंडरा तुटली, तर ती आपोआप जुळत नाही. शस्त्रक्रिया होते, मग कित्येक आठवडे व्यायाम. त्या काळात रिक्षाचा क्लच कोण दाबणार? पोळ्या कोण लाटणार? आणि राजमाची गडावर हे घडलं, तर लोणावळा सुमारे 15 किलोमीटर लांब.

तसं झालंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

बाद झालेला चाकू कुणाला देऊ नका. कचऱ्यात उघडा टाकू नका. जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर ठळक लिहा: ‘धार आहे’. सकाळी तुमचा कचरा हाताने वेगळा करणारी बाईही कुणाची तरी आई आहे.

शनिवारी रात्री कसारा लोकल पकडाल, त्याआधी पाच मिनिटं काढा. चाकू उघडा. खटका बघा. आणि शेजारच्या ट्रेकवाल्या पोरालाही त्याचा चाकू घेऊन बोलवा.