भाषा अनेक, हिशेब एकच

आजचे युग संगणकाचे आहे, हे आपण उठता-बसता ऐकतो. वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही आता प्रोग्रॅमिंगच्या वर्गाला जातात. पण तेथे जाऊन ते नेमके काय शिकतात, हे सहसा कोणी विचारत नाही.

मीही एका खासगी वर्गात पायथन शिकायला गेलो. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर 'क्ष = क्ष + १' असे लिहिले गेले. माझे शालेय शिक्षण मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याजवळ जाम नदीकाठच्या सावरगावात, मराठी माध्यमातून झाले. बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, हे तेथे मनावर बिंबलेले. मग एखादी संख्या स्वतःपेक्षाच एकने मोठी कशी? विचारले तर उत्तर आले, "तसेच लिहायचे असते, पाठ करा." पाठ केले, आणि परीक्षेत उदाहरण जरा बदलताच आपटलो.

उलगडा झाला तो दिवाळीच्या सुट्टीत. घरी आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती. वडील वहीत क्रेट मांडत होते : जुनी शिल्लक, तीत आजची भर, म्हणजे नवी शिल्लक. जुना आकडा खोडून त्याच ठिकाणी नवा. तेव्हा लख्ख कळले, 'क्ष' हे खाते आहे आणि ते चिन्ह म्हणजे 'नोंद करा' ही आज्ञा!

भाषा रचणाऱ्यांनाही हा भेद ठाऊक होता. निकलाउस वीर्थ यांच्या १९७० च्या पास्कल भाषेत नोंदीसाठी बरोबरीच्या चिन्हाआधी अपूर्णविराम लागतो. नुसते चिन्ह तुलनेसाठी राखलेले. व्यापारी हिशेबांसाठी १९५९ साली आखलेल्या कोबॉलमध्ये तर 'ॲड' म्हणजे 'मिळवा' असे शब्दांतच सांगता येते. लेखन निराळे, कल्पना एकच.

कोणी म्हणेल, नोकरीसाठी भाषा लागते, तत्त्व कोण विचारतो? मान्य, भाषेचे नियमही शिकलेच पाहिजेत. पण आजची भाषा उद्या मागे पडेल. 'फळ मोठे असेल तर या क्रेटमध्ये' ही अट आणि 'ढीग संपेपर्यंत' ही पुनरावृत्ती ज्याला उमगली, त्याला नवी भाषा जड जाणार नाही.

म्हणून प्राध्यापकांना नम्र विनंती : पहिला आठवडा यंत्र बंद ठेवून वही-पेन्सिलीवर, मराठीत वा कन्नडात, या कल्पना समजवाव्यात. मित्रहो, हॉस्टेलच्या पंगतीत मिठाला 'उप्पु' म्हणायला मी एका जेवणात शिकलो, कारण मिठाची चव आधीच ठाऊक होती. वर्गातही आधी चव कळू द्या.