ड्रोन थोडा खाली आणा

पावसाळ्यात पैनगंगा भरली की इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड धबधब्यावर हिमायतनगर, किनवट आणि पलीकडच्या उमरखेडची तरुण मंडळी ड्रोन घेऊन जमतात. काळ्या कातळावरून धारा कोसळत असतात. एका काठाला मराठवाडा, दुसऱ्या काठाला विदर्भ. एवढं सगळं समोर असूनही बहुतेक फोटो एकाच साच्यातले निघतात. ड्रोन जाईल तितका वर, वेळ भर दुपारची, मधोमध एक पांढरा डाग आणि भोवती हिरवा-काळा पसारा. पाण्याचा जोर त्यात कुठंच नसतो.

उंचीचा हा मोह सोडायला हवा. ड्रोनच्या सरकारी नकाशावरच्या हरित क्षेत्रात 400 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 120 मीटर, ड्रोन उडवायला मुभा आहे. पण मुभा आहे म्हणून तिथवर गेलंच पाहिजे असं थोडंच आहे? लहान ड्रोनची लेन्स मुळातच रुंद कोनाची असते. तेवढ्या उंचीवरून माणसाचा ठिपका होतो आणि कडा सपाट दिसतो. तीस-चाळीस मीटरवर थांबून कॅमेरा जरा तिरका केला की पाणी किती खोल पडतंय ते कळतं. काठावर उभं असलेलं माणूस चौकटीत आलं, की कडा केवढा आहे हेही न सांगता समजतं.

दुसरी चूक कॅमेऱ्यावर सगळं सोपवण्याची. काळा कातळ चौकटीत जास्त असला की कॅमेरा आपण होऊन फोटो उजळ करतो आणि फेसाळ पाणी पांढरंफटक पडतं. त्यातले बारकावे मग कोणत्याही ॲपने परत येत नाहीत. एक्स्पोजर थोडं कमी करावं, आयएसओ 100 वर ठेवावा, फोटो रॉमध्ये घ्यावा. तुषार लेन्सवर बसतात, त्यामुळे खिशात मऊ कापड हवंच.

पण खरी किंमत उजेडाला आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे जमिनीखालचे प्राचीन अवशेष शोधले. सूर्य खाली असला की जमिनीचा बारीकसा उंचवटाही सावली टाकतो, हे त्यामागचं एक साधं तंत्र. आपल्याकडच्या शेतालाही ते लागू पडतं. सकाळी सातला सोयाबीनच्या तासांमध्ये सावली असते, धुरे उठून दिसतात. बाराला तेच शेत नुसती हिरवी चादर होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडते, तेव्हा ड्रोन बरोबर डोक्यावर आणून कॅमेरा सरळ खाली करून बघावा. हळद हलवणाऱ्या बाईचं वरून फक्त डोकं आणि पदर दिसतो. तिचं वाकणं, हाताचा फेरा दाखवते ती पिवळ्या हळदीवर पडलेली लांब सावली. असा एक फोटो लग्नाच्या पन्नास फिरत्या व्हिडिओंपेक्षा मोलाचा आहे.

महाराष्ट्राला आकाशातून बघण्याची परंपरा ड्रोनच्या आधीची. गोपाळ बोधे यांनी वर्षानुवर्षं हवाई छायाचित्रण केलं. उद्धव ठाकरे यांचं हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या छायाचित्रांचं पुस्तक ‘महाराष्ट्र देशा’ 2010 मध्ये आलं, वारीवरचं ‘पहावा विठ्ठल’ त्याच्या पुढच्या वर्षी. हेलिकॉप्टरचा मिनिटामिनिटाचा खर्च असतो, म्हणून काय टिपायचं ते जमिनीवरच ठरवून निघावं लागतं. ड्रोन स्वस्त झाला, तरी हा विचार मागे पडता कामा नये.

आणि परवानगीचंही तसंच. ड्रोन नियम 2021 पासून लागू आहेत. 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी लागते आणि उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा लागतो. पैनगंगा अभयारण्यात वन विभागाला विचारल्याशिवाय ड्रोन काढूच नये. 2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना भागात रात्रीच्या ड्रोनच्या चर्चेने गावंच्या गावं धास्तावून जागी राहिली होती, हे विसरून चालणार नाही. उन्हाळ्यात माळवदावर माणसं झोपतात, अंगणात बायका न्हातात. तिथं कॅमेरा नेण्याचा हक्क कुणालाच नाही.

महाशिवरात्रीला हिमायतनगरात परमेश्वराची यात्रा भरते. तेव्हा हौशी छायाचित्रकारांनी एवढं करावं : पोलिसांना आधी विचारावं, गर्दीच्या डोक्यावरून ड्रोन न नेता बाजूच्या मोकळ्या जागेतून उडवावा, दिवस कलेपर्यंत थांबावं आणि मंदिराच्या शिखराएवढ्या उंचीवरून यात्रा टिपून बघावी.