हात लावू नये?

हस्तकलेच्या प्रदर्शनांत ‘कृपया वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी आपण वाचली असेल. या वाक्यात कर्ता नाही. कोणी लावू नये आणि हे कोण सांगत आहे, दोन्ही गोष्टी ‘नये’च्या आड राहतात. लेथवर कातलेल्या लाकडी वस्तूंसमोर अशी सरसकट पाटी लावणे मला मान्य नाही.

कातारी काम करताना मध्येच लेथ थांबवतो आणि लाकडावरून बोटे फिरवतो. नजरेतून सुटलेला उंचवटा बोटांना कळतो. जी वस्तू घडतानाच हाताने पारखली गेली, तिची पारख प्रेक्षकाने केवळ डोळ्यांनी कशी करावी? वाडग्याची जाडी, बुडाचा तोल, डबीचे झाकण किती नेटके बसते, हे काचेआडून समजत नाही. सावंतवाडीच्या लाकडी फळांचा रंग दुरून दिसतो. त्यांचे वजन हातालाच कळते. (‘कातीव’ हे विशेषण आपण आता रेखीव चेहऱ्यासाठी वापरतो, त्यामागचा कातारी कुणाला आठवत नाही.)

तथापि पाटी लावणाऱ्याची भीती खोटी नाही. फिकट, कच्च्या लाकडावर घामाचे आणि तेलाचे डाग पडतात. पातळ कड चिरते. चन्नपट्टणच्या खेळण्यांवर लाखेचा थर असतो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून चढते. ही लाख मद्यार्कात विरघळते. म्हणजे सॅनिटायझरने ओले झालेले ‘स्वच्छ’ हातही तिची चकाकी घालवू शकतात.

म्हणून निर्णय संयोजकांनी नव्हे, प्रत्येक वस्तूपुरता कारागिराने घ्यावा. लाटणे, भोवरा, वाडगा या वापरायच्याच वस्तू. त्या खुशाल हातात द्याव्यात. अतिपातळ किंवा जुनी वस्तू काचेत ठेवावी, पण तिच्याशेजारी त्याच लाकडाचा कातलेला तुकडा स्पर्शासाठी असावा. दृष्टिहीन प्रेक्षकाला तर तोच प्रदर्शनाचा दरवाजा आहे. हाताळू दिले की क्वचित तुटफूट होणारच. तिचा भुर्दंड गाळ्याचे भाडे घेणाऱ्या संयोजकांनी उचलावा. आज तो एकट्या कारागिरावर पडतो आणि पाटी त्यातूनच जन्मते.

आपणही आधी कारागिराला विचारावे, अंगठ्या काढाव्यात, हात कोरडे करावेत आणि वस्तू दोन्ही हातांनी खालून धरावी. डबी केवळ झाकणाला धरून उचलू नये.