आरशापुढच्या ‘राणी’चे खरे नाव

(थ्रेड) मोकळ्या गच्चीवर बसलेली स्त्री, समोर आरसा धरून उभी असलेली दासी, कर्णभूषण घालण्यासाठी उचललेला हात, मागे दाट झाडे. हे लघुचित्र आपण अनेकदा पाहिले असेल. खाली ओळ असते : कधी ‘राजपूत राणी’, कधी थेट ‘मस्तानी’.

राजस्थानी रागमाला-चित्रांत ही मांडणी दिसली, की ती बहुधा बिलावल रागिणी असते. हाडामांसाची कोणी राणी तिथे बसलेलीच नाही.

रागमालेच्या रूढ संचात सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या, अशी ३६ पाने. राजस्थानी परंपरेत बिलावल ही बहुधा हिंदोलाची रागिणी. तिच्या संस्कृत ध्यानश्लोकात ती प्रियकराला संकेत देऊन, मदनाचे पुनःपुन्हा स्मरण करीत दागिने चढवते. तिची कांती नीलकमळासारखी सांगितली आहे. चित्रकार मात्र पुष्कळदा तिला गोरीच रंगवतात! श्लोकाशी त्यांनी केलेली ही तडजोड मला त्या दागिन्यांहून अधिक बोलकी वाटते.

पेटीवर पहिले ‘सारेगम’ वाजवणाऱ्याला भातखंड्यांचा बिलावल थाट ठाऊक असतो. पण चित्रात ते स्वर शोधू नयेत. चित्रकाराने सूर नव्हे, श्लोकातली नायिका रंगवली आहे.

आता मुख्य तक्रार. रागिणीचे नाव आणि पद्य पुष्कळदा चित्राच्या वरच्या पट्टीत लिहिलेले असते, आणि चित्र ‘सुबक’ दिसावे म्हणून आपण नेमकी तीच पट्टी कापतो. अक्षरांचे मोल किती, हे चुनारच्या रागमालेवरून कळते. तिच्यातील फारसी लेखामुळेच १५९१ हे वर्ष, चुनार हे स्थळ आणि शेख हसन, शेख अली, शेख हातिम ही चित्रकारांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली. तेही मीर सय्यद अली व अब्दुस समद यांचे शिष्य म्हणून. बुंदी शैलीच्या आरंभाचा विचार या लेखाला वगळून करता येत नाही.

किती संच फुटले, पाने सुटी विकली गेली, देशोदेशी पांगली. ते नुकसान आपल्या हाती नव्हते. कात्री मात्र आपल्या हाती आहे. आणि मस्तानीच्या नावाला असा उसना चेहरा एकदा चिकटला, की पुढे तोच पुरावा म्हणून फिरतो.

कोणाकडे बिलावलचे पट्टीसह अख्खे पान असेल, तर खाली जोडा. अक्षरे पुसट असली तरी चालतील, मिळून वाचू.