जीएसटी कमी झाला म्हणून जुनी बाइक विकताय? आधी व्होल्ट मोजा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून आमच्या पुनावळ्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकच चर्चा आहे: जुनी गाडी काढायची का? कारण विचारलं की बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं. "सेल्फ लागत नाही, वर्षात दुसरी बॅटरी गेली."

मला हे कारण पटत नाही. हिशोब बघा. आधी एक लाख एक्स-शोरूम असलेली बाइक, पूर्ण कपात मिळाली तरी, साधारण ९२ हजारांना पडते. म्हणजे आठ हजार वाचवायला ९२ हजार घालवायचे. आणि त्याच दिवसापासून गाडीच्या सुट्या भागांवरही सरसकट १८ टक्केच जीएसटी लागतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मुळात बॅटरी वीज तयार करत नाही, ती गाडीची पॉवर बँक आहे. वीज तयार होते इंजिनातल्या स्टेटरमध्ये, ज्याला गॅरेजमध्ये कॉइल प्लेट म्हणतात. तिथली एसी वीज डीसी करून व्होल्टेज आवाक्यात ठेवतो तो रेग्युलेटर-रेक्टिफायर. यातलं एक जरी गेलं तरी नवी बॅटरीसुद्धा काही दिवसांत बसते. चार्जर खराब असताना फोनची बॅटरी बदलल्यासारखंच आहे हे.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर बंद असेल तर बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. १२ च्या खाली असेल तर बॅटरी जवळजवळ रिकामी आहे. आता गाडी सुरू करून रेस द्या, चार-पाच हजार आरपीएमपर्यंत. १३.८ ते १४.५ आलं तर चार्जिंग ठीक आहे, संशय बॅटरीवर. आकडा १३ च्या वर जातच नसेल तर बॅटरी बदलून काही होणार नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय. बल्ब सारखे उडतात आणि बॅटरीचं पाणी आटतं ते यामुळेच.

चार्जिंग कमी दिसलं तर आधी कपलर बघा. रेग्युलेटरजवळचा कपलर तापून काळा पडलेला असतो, पिना गंजलेल्या असतात, अर्थिंगची वायर सैल असते. बऱ्याचदा काम इथेच होतं. तरीही फरक नसेल तर स्टेटरचा कपलर काढून, मीटर एसीवर ठेवून तपासा. तीन पिवळ्या वायर असतील तर कोणत्याही दोन वायरमध्ये सारखाच आकडा यायला हवा आणि रेस दिल्यावर तो वाढायला हवा. एक जोडी मागे पडली की कॉइल जळालीये समजा.

आता आपल्या भागाचा प्रश्न. पुनावळे अंडरपास ते भूमकर चौक ते हिंजवडी, संध्याकाळी गाडी बहुतेक वेळ आयडलवरच असते. आयडलला स्टेटर खूप कमी वीज देतो. त्यात ३५ वॉटचा हेडलाइट, ब्रेक दाबून धरला की आणखी २१ वॉट आणि हँडलवर मॅप चालू ठेवून लावलेला १८ वॉटचा फोन चार्जर. एकूण सहा अँपिअर झाले! खर्च जास्त, कमाई कमी; फरक बॅटरीतून जातो. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत हेडलाइट कायम चालूच असतो. त्याआधीच्या गाडीत स्विच आहे, दिवसा तो बंद ठेवा. (रेस दिल्यावर हेडलाइटचा उजेड वाढत असेल तर तो थेट कॉइलवर चालतो, मग बॅटरीवर तेवढा भार नसतो.)

दुसरा चोर म्हणजे थेट बॅटरीला जोडलेला जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म. २० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. पाच अँपिअर-अवरची बॅटरी दहा दिवसांत साफ, आणि सेल्फ तर त्याच्या खूप आधी मान टाकतो. वर्क फ्रॉम होमच्या आठवड्यानंतर सोमवारी गाडी का सुरू होत नाही, ते आता कळलं असेल.

गॅरेजमध्ये एक टेस्ट हमखास होते: गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, बंद पडली नाही तर "चार्जिंग ओके". हे करू देऊ नका. बॅटरी नसताना व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगला रेग्युलेटर, बल्ब, सीडीआय उडू शकतो. २०२० नंतरच्या बीएस-६ फ्युएल इंजेक्शन गाडीत तर महागड्या ईसीयूवरच बेतेल.

कॉइल जळालीये आणि तुमच्या मॉडेलचा पार्ट मिळणंच बंद झालंय, असं असेल तर मग खुशाल शोरूम बघा.