पडद्यावरचा बटलर

सिनेमा पाहून घरी येताना आपण नायक-नायिकेबद्दलच बोलतो. त्यातल्या मास्तराचं किंवा नोकराचं काम कुणी केलं, हे क्वचितच आठवतं. गॉर्डन जॅक्सन हा असाच एक नट. जन्म १९२३ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो रोल्स-रॉइसच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनचं काम शिकू लागला. १९४२ मध्ये एका युद्धपटात त्याला तरुण स्कॉटिश सैनिकाची भूमिका मिळाली, आणि तिथून पुढे जवळजवळ तीस वर्षं बहुतेक दुय्यम भूमिकाच वाट्याला आल्या.

पण त्या तरी कशा! 'व्हिस्की गलोर' (१९४९) मध्ये तो लग्नाला आलेला शाळामास्तर आहे, आणि आई त्याला चक्क खोलीत कोंडून ठेवते. (अशा सासवा तिकडेही असतात तर!) 'द ग्रेट एस्केप' (१९६३) मध्ये इंग्रजीत चुकूनही उत्तर देऊ नका, असं सोबत्यांना बजावणारा कैदी स्वतःच एका 'थँक यू'मुळे पकडला जातो.

घरोघरी नाव झालं ते मात्र 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' (१९७१ ते १९७५) या मालिकेमुळे. लंडनमधलं एक श्रीमंत घर, वर मालक, खाली नोकरमंडळी. या मंडळींवर हुकमत बटलर हडसनची. चांदीची भांडी लखलखीत हवीत, जेवणाची वेळ मिनिटभर चुकता कामा नये. वरचे वर आणि खालचे खाली, ही देवानेच लावून दिलेली व्यवस्था आहे, असं त्याला मनापासून वाटतं. मला विशेष वाटतं ते हे, की जॅक्सनने त्याला नुसता सज्जन म्हातारा केला नाही. पहिल्या महायुद्धावरच्या एका भागात हा शिस्तीचा, देवभीरू माणूस जर्मनांच्या द्वेषाने पार बदलून जातो. पाहताना अंगावर येतं. त्याच भागासाठी त्याला १९७६ चं एमी पारितोषिक मिळालं.

लगेच १९७७ पासून 'द प्रोफेशनल्स'मध्ये तो गुप्त पथकाचा खमका प्रमुख झाला. पत्नी रोना अँडरसन हीसुद्धा स्कॉटिश अभिनेत्री. लग्न १९५१ चं. 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी' (१९६९) मध्ये दोघंही शिक्षक आहेत, आणि तिथेही त्यांचं लग्न ठरतंच! १९९० मध्ये जॅक्सन गेला.

आणि हो, हडसनचं काय झालं? शेवटी तो स्वयंपाकीण मिसेस ब्रिजेसशी लग्न करतो आणि दोघं समुद्रकाठी पाहुण्यांसाठी खानावळवजा घर चालवायला निघतात. तिथेही स्वयंपाक कुणी करायचा, हे सांगायला नकोच.