अर्ज लिहिणारा हात घरचाच हवा



कापूस वेचला, गाडी भरली, केंद्रावर नेली, माप झाले, पट्टी हाती आली, की आपला व्यवहार संपत असे. तो काळ गेला. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' या मोबाईल ॲपवर आधी नोंदणी करायला लावली. नोंदणीला आधार हवे, सातबारा हवा, सातबाऱ्यावर कपाशीचा पेरा हवा. पेऱ्याची ही नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीतून होते. शेतात उभे राहून फोनवर फोटो काढून ती करायची. म्हणजे कपाशीला बोंड धरण्याआधीच तिचे अर्धे नशीब फोनवर ठरते. नोंद चुकली की हमीभाव हुकला, आणि हमीभाव हुकला की माल खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर.

या अंकात आम्ही भावाबद्दल लिहायचे सोडून गावच्या हायस्कुलाबद्दल लिहितो आहोत, ते याच कारणाने. अर्ज, पावती, हिशेब आणि संगणक ही कचेरीची विद्या आपल्या मुलामुलींना दहावीच्या आत शिकवली गेली पाहिजे, ही मागणी आता संघटनेने हाती घ्यायला हवी.

कागदाने शेतकऱ्याला मारल्याची गोष्ट जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि त्यांचा रोख होता तो रोखे आणि वह्यांवर. ती आग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरली. कर्ज किती घेतले, किती फेडले, बाकी किती निघते, हे ज्याच्या अंगठ्याने ठरायचे त्यालाच वाचता येत नव्हते. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात रोखा निबंधकासमोर लिहिला जावा, पैसे भरल्याची पावती मिळावी, हिशेबाचा उतारा मिळावी अशी कलमे घालावी लागली. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तोही कचेरीतल्या लेखणीवाल्यांकडून अडाणी शेतकरी कसा नागवला जातो ते मांडण्यासाठी.

आज आपण अडाणी राहिलो नाही. सही करतो, पेपर वाचतो, पोरे कॉलेजात जातात. तरीही लेखणी दुसऱ्याच्याच हाती आहे. तिचा आता माऊस झाला आहे एवढेच. २०१७ च्या कर्जमाफीला नवरा-बायकोला सेवा केंद्रापुढे रांगेत उभे राहावे लागले ते आठवा. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळत होते. शेतकऱ्याकडून जादा पैसे घेऊ नयेत असे सरकारला पुन्हा पुन्हा बजावावे लागले. ते का बजावावे लागले, हे तुम्हाला सांगायला नको. ती एक रुपयाची योजनाही २०२५ मध्ये बंद झाली.

सेवा केंद्र चालवणारा पोरगा बहुधा आपल्याच गावचा असतो. त्याच्यावर आमचा राग नाही. दिवसाला शंभर अर्ज भरणाऱ्याच्या हातून चूक होणारच. पण आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरे, खाते क्रमांकात एक आकडा इकडचा तिकडे, मोबाईल नंबर भलत्याचाच, त्यामुळे ओटीपी भलत्याच्याच फोनवर, ही चूक त्याची आणि भुर्दंड आपला. घरात कोणी ते वाचून तपासणारे असते तर ती चूक जागेवरच सापडली असती.

मग शाळेत काय शिकवतात? दहावीच्या मराठीत पत्रलेखन आहे. मागणीपत्र आहे, विनंतीपत्र आहे, वर ई-मेलचा पत्ताही लिहायचा असतो. गुण मिळतात. परंतु ते पत्र कधी कुठे जात नाही, त्याला कधी उत्तर येत नाही. पत्र दिल्याची पोच घ्यायची असते, हे गुणवत्ता यादीतल्या मुलालाही माहीत नसते. संगणक शिकायचा तर तो तालुक्याच्या क्लासात, फी भरून. एमएस-सीआयटी २००१ पासून आहे, टंकलेखनाच्या परीक्षाही आता संगणकावर होतात. या सगळ्यांकडे आपण नोकरीचे तिकीट म्हणून पाहिले. नोकरी लागली नाही की तिकीट ट्रंकेत. शेती हाही एक धंदा आहे आणि त्यालाही पत्रव्यवहार व हिशेब लागतो, हे शाळेने मानले नाही, आपणही नाही. कृषी महाविद्यालयात आम्हाला बोंडअळीची अवस्था न अवस्था पाठ करायला लावली, पण बियाणे उगवले नाही तर तक्रार कोणाकडे, कोणत्या कागदासह करायची, हे पदवी हाती पडेपर्यंत कोणी सांगितले नाही.

आमच्या मते आठवी ते दहावीत चार गोष्टी शिकवाव्यात, आणि त्या घरच्या खऱ्या कागदांवर शिकवाव्यात.

पहिली गोष्ट अर्जाची. विषय एका ओळीत, मागणी नेमकी, तारीख, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. दोन प्रती काढायच्या. एक कचेरीत द्यायची, दुसरीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी ठेवायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियम केला की अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत असावा. दीडशे शब्दांत आपले म्हणणे मांडायचे, याहून चांगला निबंधाचा सराव कोणता?

दुसरी गोष्ट पावती जपण्याची. बियाण्याचे पक्के बिल, त्यावरचा लॉट नंबर, पिशवी आणि तिचे लेबल. बियाण्यात फसलेला शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. हा हक्क बिलाशिवाय चालवता येत नाही. घरात एक फाईल हवी आणि ती कोणत्या क्रमाने लावायची हे मुलीला आणि मुलाला ठाऊक हवे.

तिसरी गोष्ट हिशेबाची. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव; पुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात; १२ टक्क्यांच्या वर माल परत. १० टक्के ओलावा निघाला तर किती? ८,११० मधून १६२ रुपये २० पैसे वजा, हाती ७,९४७ रुपये ८० पैसे. नववीच्या मुलाला हे गणित पाटीवरही येते आणि संगणकाच्या तक्त्यातही. ते येणारा पोरगा काट्याजवळ उभा असेल तर पट्टी करणाराही जपून आकडा लिहील. ज्वारीचेही तसेच. घरच्यांची मजुरी आणि बैलजोडीचे दिवस खर्चात, आणि कडबा उत्पन्नात धरल्याशिवाय ज्वारीचा हिशेब खरा होत नाही. उत्पादन खर्चावर भाव मागणाऱ्या आपल्या घरांत किती जणांकडे असा लेखी खर्च आहे?

चौथी गोष्ट यंत्राची. मराठी टंकलेखन, अर्जाची प्रत जतन करणे, कागद स्कॅन करणे, ई-मेल पाठवणे, डिजिटल सहीचा सातबारा काढणे, आणि ओटीपी कोणालाही न सांगणे.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, पोरांना कारकून करायचे आहे का? उलट आहे. कारकुनाची विद्या घरात असली की कारकुनाच्या दारात जावे लागत नाही. दुसरा, पोरांना फोन तुमच्यापेक्षा जास्त कळतो. कळतो खरा, व्हिडिओ पाहण्यापुरता. त्याच पोराला तहसीलदाराच्या नावे अर्ज लिहायला सांगून पाहा. तिसरा आक्षेप खरा आहे: वीज नाही, संगणक पोत्याखाली झाकलेला, शिक्षक निवडणुकीच्या कामावर. आमच्या दौऱ्यांत कुलूपबंद संगणक खोल्या आम्हीही पाहिल्या आहेत. पण वरच्या चारांपैकी तीन गोष्टींना वही, पेन आणि घरचे कागद पुरतात. चौथीसाठी ते कुलूप उघडायला लावणे हे गावाचे काम आहे.

हे नवेही नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला लागणारी कामे हाताने करता करता मुलांनी शिकावे, ही तिथली रीत. ती पुढे इतर शाळांतही गेली. वेल्डिंग आणि माती परीक्षण असे शिकता येते, तर गावच्या वीस सातबाऱ्यांतील नावे आधारशी ताडून पाहणे हाही शाळेचा अभ्यास होऊ शकतो. फक्त घरचा कागद घरच्यांच्या परवानगीनेच वर्गात यावा.

एक गोष्ट मात्र कोणी विसरू नये. चांगला अर्ज लिहिल्याने कापसाचा भाव वाढत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, ते आपला अर्ज चुकला म्हणून नव्हे. भावाची लढाई वेगळी आणि ती चालूच राहील. शिवाय मुले शिकली म्हणून सरकारने रोज नवे ॲप आणि नवा रकाना काढावा, हेही आम्ही चालू देणार नाही. एकदा दिलेला कागद पुन्हा मागू नका, हे सांगायलाही लेखी तक्रार लागते, आणि ती लिहिणारे हात लागतात.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन प्रश्नांची उत्तरे आणावीत. गावच्या हायस्कुलात संगणक किती, चालू किती, मुलांच्या हाताला आठवड्यात किती तास लागतात? उत्तर मुख्याध्यापकांकडून लेखी मागावे, अर्ज नववी-दहावीच्या मुलीने किंवा मुलाने लिहावा आणि शिक्का मारलेली पोच सोबत आणावी. ज्या गावांकडे पोच असेल, त्यांची नावे बैठकीत आधी पुकारली जातील.